बाबांसाठी रेडिओ

रेडिओ निवडायचं काम धाकटीकडे आलं, कारण ती यंत्रांतली होती. म्हणजे थोरल्याच्या मते. ती ज्या प्रयोगशाळेत काम करत होती तिथे रेडिओ कधीच येत नसत. कारखान्यांतले दाबमापक, तापमापक आणि वजनकाटे तिथे यायचे, खरे दाखवतात की खोटे याची तपासणी व्हायची आणि दाखला घेऊन परत जायचे. पण थोरला तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणत आला होता आणि मोजायचं म्हटलं की सगळं तिच्या अंगावर टाकून मोकळा व्हायचा. "मोजपट्टे, तूच बघ," तो फोनवर म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एक आत्ताच सांगून ठेवतो, रेडिओ कुठलाही आण, परीक्षा मी घेणार."

परीक्षा रेडिओची नव्हती, बाबांची होती.

गेल्या पुरात नदीकाठच्या खालच्या गल्लीत बरेच दिवस वीज नव्हती. फोनचे मनोरे पहिल्या संध्याकाळीच बंद पडले, कारण त्यांच्या बॅटऱ्यांचा जीव तेवढाच. नगरपालिकेने रेडिओवरून सांगितलं की खालच्या गल्लीने टेकडीवरच्या शाळेत जावं. ज्यांनी ऐकलं ते गेले. मग होड्या आल्या. होडीवाल्यांनी दारं बडवली, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या आणि जिथून ओ आली नाही तिथे कुणी नाही असं धरून ते पुढे गेले. बाबांचं दारही त्यांनी बडवलं होतं. समोरच्या शिंपीणबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बाबा आधीच गेले असणार असं समजून त्या होडीत बसल्या होत्या. पाणी ओसरल्यावर बाबा माळ्यावर सापडले, दुरुस्तीला आलेल्या वेताच्या खुर्च्यांच्या ढिगात, ओल्या कांबळ्यात गुंडाळलेले, ओठांना भेगा पडलेले. ते म्हणाले, झोप लागली होती. थोरला म्हणाला, अशी झोप कुंभकर्णाने ऐकली तर तोही वरमेल.

त्यानंतर थोरल्याने एकच धोशा लावला. बाबांनी त्याच्याकडे राहायला यावं. त्याचं घर मोठ्या शहरात, उंच इमारतीत होतं. तिथे पाणी चढायचं तर आधी सगळं जग बुडावं लागलं असतं. बाबा नाही म्हणाले. वाद वाढत गेला आणि शेवटी बाबांनी आपली बाजू मांडली ती अशी की मला कुणी सांगितलंच नाही. वीज नाही, म्हणजे टीव्ही नाही आणि टीव्हीच्या खालची बातम्यांची पट्टी नाही. फोन नाही. कळलं असतं तर मी काय खुळा होतो बसून राहायला? थोरला हट्टी असला तरी न्यायाने वागणारा होता. त्याने या बोलण्यावर विचार केला आणि तोडगा काढला. विजेशिवाय चालणारा रेडिओ आणायचा. वीज बंद करून, अंधारात, बाबांनी स्टेशन लावायचं आणि निवेदक काय म्हणाला ते सांगायचं. जमलं तर बाबा राहतील त्यांच्या घरी, पुन्हा तो विषय निघणार नाही. नाही जमलं तर पुढच्या पुराच्या आधी सामान बांधायचं.

बाबांनी मान डोलावली. आपल्याच शब्दांनी त्यांना खिंडीत गाठलं होतं, पण हे तेव्हा त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

धाकटी बाबांच्या बाजूची होती. आई गेल्यावर बाबा थोरल्याकडे पंधरवडाभर राहून आले होते ते तिने पाहिलं होतं. गेले तेव्हा माणूस होते, आले तेव्हा कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खाटेसारखे. वहिनीने काही कमी केलं नव्हतं. नातवंडंही वाईट नव्हती. काय झालं असं विचारलं तर बाबा म्हणत, काही नाही, तिथे खुर्च्या मोडत नाहीत. इथे गावात अजून लोक वेताच्या खुर्च्या घेऊन यायचे आणि बाबा दाराशी बसून त्या विणायचे. धाकटीला त्यांना स्वतःकडे नेता आलं असतं, पण तिची एक खोली, आणि निम्मा महिना ती कारखान्यांतली मापकं तपासत गावोगाव फिरणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा रेडिओ असा हवा की परीक्षेत नाव ठेवायला जागा नको.

दुकानदाराने काउंटरवर रेडिओंची रांग लावली. त्याच्या दृष्टीने जितके बँड जास्त तितका रेडिओ चांगला. एकाला भोंगा होता, एकाला दिवा, एकाला होकायंत्रसुद्धा. धाकटीने विचारलं, आतली बॅटरी दोन वर्षांनी मेली की काय करायचं? दुकानदार म्हणाला, ताई, तोवर नवीन मॉडेल येतं. तिने विचारलं, हँडल मिनिटभर फिरवलं तर किती वेळ चालतो? तो म्हणाला, ते फिरवणाऱ्यावर आहे. मग तो जरा दमलाच आणि म्हणाला, तुम्ही हवे ते तीन घेऊन जा, घरी बघा, नको ते परत आणा.

ती तीन घेऊन आली. पिवळ्याला हँडल आणि सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी होती. काळा जुन्या घाटाचा, मोठ्या स्पीकरचा, हाताच्या मुठीएवढ्या बटणाचा. करडा खिशात मावेल एवढा, त्यावर स्टेशनचा आकडा उजेडात उमटायचा. प्रयोगशाळेतलं काम आटपल्यावर तिने ते रीतसर तपासले. पिवळ्याचं हँडल फिरवून मनगट दुखलं आणि त्या बदल्यात मिळालं ते गाण्याचं एक कडवं. त्याच्या भोंग्याने मात्र वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. लघुलहरींचे सगळे बँड तिने बाजूला ठेवले. बाबांना सातासमुद्रापलीकडचं ऐकायचं नव्हतं. एफएमवरही तिचा भरवसा नव्हता, कारण गावातलं एफएमचं केंद्र गावाच्याच विजेवर होतं आणि पुरात ते दुसऱ्या दिवशी मुकं झालं होतं. डोंगरापलीकडचं मीडियम वेव्हचं जुनं केंद्र तेवढं स्वतःच्या जनित्रावर शेवटपर्यंत बोलत राहिलं होतं. म्हणजे मीडियम वेव्ह चांगली पकडणारा, साध्या सेलवर चालणारा, शब्द स्वच्छ उमटवणारा रेडिओ हवा. तो काळा होता. तिच्या मनात शंका उरली नाही.

शनिवारी ती तिन्ही रेडिओ घेऊन घरी गेली. खिडकीपाशी, उजेडात, टेबलावर तिने ते मांडले.

या घरात बोलण्याची एक पद्धत होती, ती इथेच सांगायला हवी. आई आणि बाबा दोघंही कापडाच्या कारखान्यात मागावर होते. शंभर माग एका छताखाली खडखडत असले की शेजारच्याची किंकाळीही ऐकू येत नाही. तिथले विणकर ओठांनी बोलत. आवाज न काढता, पण ओठ पुरते उघडून, गाल, भुवया, सगळा चेहरा वापरून. आई तर रस्त्याच्या या बाजूला उभी राहून त्या बाजूच्या मैत्रिणीशी अख्ख्या गल्लीचं बिंग फोडायची आणि मधून जाणाऱ्याला पत्ता लागायचा नाही. घरीही तीच सवय. मुलांनी पाठमोरं राहून काही विचारलं की उत्तर यायचं, आधी तोंड दाखव, मग बोल. कुणी काही वाचलं, ऐकलं, तर ते ओठांनी पुन्हा म्हणायचं. थोरल्याने ही सवय शहरात गेल्यावर टाकून दिली. धाकटीच्या अंगात ती मुरली होती. प्रयोगशाळेतले लोक म्हणायचे, तू बोलतेस की हवेत लिहून दाखवतेस?

तिने आधी काळा रेडिओ लावला. बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि त्यांचा हात बटणावर ठेवून स्टेशन कसं शोधायचं ते दाखवलं. निवेदकाचा आवाज खोलीत असा आला की जणू तोच येऊन बसला. बाबांनी थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "खरखर फार आहे. शब्द तुटतात." तिला तर खरखर ऐकू येत नव्हती. पिवळ्याबद्दलही ते तेच म्हणाले. मग करडा. त्याचा जीव लहान. मीडियम वेव्हसाठी त्याला हातात धरून या अंगाला, त्या अंगाला वळवावं लागत होतं, तेव्हा कुठे आवाज सापडायचा, तोही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. म्हणून ती बाबांच्या समोर बसली आणि रेडिओ दोघांच्या मध्ये धरून वळवत राहिली. बाबांचा चेहरा खुलला. "हा बघ," ते म्हणाले. "हा स्वच्छ आहे." आणि निवेदक काय म्हणाला ते त्यांनी जवळजवळ शब्दशः सांगितलं. कुठल्याशा गावी धान्याचं गोदाम जळालं, परीक्षा पुढे ढकलल्या, उद्या वारा पश्चिमेकडून.

धाकटी चक्रावली. सगळ्यात वाईट स्पीकर, आणि बाबांना तोच स्वच्छ. पण ती विज्ञान शिकलेली. न समजलेली गोष्ट तशीच टाकून देणं तिला जमत नसे. थोड्या वेळात तिला कारण सापडलं. म्हाताऱ्या कानांना बारीक, उंच स्वर कमी ऐकू येतात. मोठा स्पीकर घुमतो, त्या घुमण्यात ते स्वर बुडतात. छोट्या स्पीकरला घुमताच येत नाही, म्हणून शब्दांच्या कडा वर येतात. ही उपपत्ती इतकी सुबक होती की ती पुन्हा तपासून पाहावी असं तिला वाटलं नाही. उलट आपण मोजमापांच्या नादात काळा लादला नाही, ऐकणाऱ्याला विचारलं, याचं तिला बरं वाटलं. रात्री तिने थोरल्याला कळवलं की रेडिओ ठरला. पुढच्या रविवारी ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्ची विणत बसले होते आणि पाठीमागच्या फळीवर करडा रेडिओ चालू होता. निवेदकाचा आवाज जाऊन नुसती खरखर येऊ लागली. रेडिओ लहान, खिडकीतल्या वाऱ्यानेही त्याची दिशा बदलायची. बाबा हात पुसून वळवतील म्हणून ती थांबली. खरखर चालूच राहिली. ती दारात आली. बाबांची पाठ तिच्याकडे होती. वेत आत-बाहेर होत होता आणि ते मान डोलावत होते, एखादी लांबलचक बातमी पटत असल्यासारखे.

तिने बाबा म्हणून हाक मारली, मोठ्याने नाही, रोजच्यासारखी. ते डोलत राहिले. ती फळीपाशी गेली आणि तिने रेडिओ बंद केला. खोलीत कसलाच आवाज उरला नाही. बाबांची मान तशीच डोलत होती.

मग ती वळसा घालून समोर आली. बाबांनी वर पाहिलं आणि हसून म्हणाले, "चांगला निघाला हो हा. स्पष्ट बोलतो." मग त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर थांबली. चेहरे वाचण्यात त्यांचा हात कोण धरणार? त्यांनी वळून फळीकडे पाहिलं, रेडिओचा विझलेला आकडा पाहिला आणि वेत खाली ठेवला.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. एकदा कळलं म्हटल्यावर त्यात अर्थही नव्हता. कारखाना बंद पडायच्या आधीपासूनच कमी होत गेलं होतं. आवाज येतो, पण शब्द येत नाही. माणूस बोलतो तो दूरवरून पत्रा वाजल्यासारखा. आईने डॉक्टरकडे नेलं होतं. कानात घालायचं यंत्र लावून पाहिलं, तर पत्रा जवळून वाजू लागला. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, यंत्र तिला काय करणार? आईने हे कुणाला सांगितलं नाही आणि सांगायची गरजही पडली नाही, कारण या घरात सगळे तोंड दाखवूनच बोलत होते, फोनवरसुद्धा व्हिडिओ लावून. दार वाजलं की आई उठायची. हाक आली की आई त्यांच्याकडे बघून ओठ हलवायची. पुरात ते माळ्यावर बसले होते. दार बडवल्याचं त्यांना कळलं नाही. छतावर कंदिलाचा उजेड हलताना दिसला म्हणून ते धडपडत खाली आले, कमरेएवढ्या पाण्यातून दारापर्यंत गेले, दार उघडलं, तर होडी वळणावर पोचली होती. त्यांनी हाका मारल्या. यंत्राच्या होडीत त्या कुणाला ऐकू जाणार?

धाकटीला काल दुपारचं सगळं एकदम दिसलं. काळ्याच्या वेळी ती शेजारी बसली होती. पिवळ्याच्या वेळीही. करड्याच्या वेळी समोर. निवेदक बोलत होता आणि तिचे ओठ, लहानपणापासून हलत आले तसे, त्याच्यामागून हलत होते. बाबांनी रेडिओ ऐकलाच नव्हता. तिच्या प्रयोगशाळेत दाब लावणारा आणि काटा वाचणारा यांच्या मध्ये लाकडी फळी उभी करायचा नियम होता, खरं उत्तर ठाऊक असलेल्याचा चेहरा वाचणाऱ्याला दिसू नये म्हणून. नव्या लोकांना तो नियम तीच शिकवायची.

"दादाला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

तिने विचारलं, तिकडे जायला एवढं काय भ्यायचं? निदान माणसांत तरी राहाल.

"माणसांत?" बाबा हसले. "तिथे कुणी मान वर करून बोलत नाही गं. पोरं फोनात बघून बोलतात, हा टीव्हीकडे बघून बोलतो, सूनबाई बिचारी ओट्याकडे तोंड करून बोलते. मी पंधरा दिवस नुसता हो-हो करत होतो. इथे मी बहिरा नाही. तिथे आहे."

मग ते पुढे वाकले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाले, पुढच्या रविवारी तू माझ्या समोर बस. कालच्यासारखी. तिनेही ओठांनीच सांगितलं की दादा अंधार करणार आहे. बाबांनी भुवया उडवल्या. मेणबत्ती तर लावेल ना, तो काय घुबड आहे?

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बाबांनी ते हो धरलं आणि वेत पुन्हा उचलला.

तो आठवडा तिने वाट शोधण्यात घालवला. शिंपीणबाईंना फोन केला, पुन्हा पाणी आलंच तर बाबांना बरोबर घ्याल का म्हणून. त्या रडवेल्या झाल्या. त्या बहिणीकडे निघून गेल्या होत्या, शिलाई मशीनसुद्धा हलवलं होतं. गल्लीत आता दिवे लागतील अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तिने नगरपालिकेत फोन केला. तिथल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, आम्ही रेडिओवर सांगतोच ना. ती म्हणाली, त्यांना ऐकू येत नाही. मग नाव टिपून ठेवतो, तो म्हणाला. तिने विचारलं, वीज गेल्यावर ते नाव कोण बघणार? कारकून भला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, "बाई, त्या वेळी आम्हीच छपरावर असतो."

उशीखाली ठेवून थरथरणारी यंत्रं मिळतात, लुकलुकणारे दिवे मिळतात, हे तिला माहीत होतं. पण प्रत्येकाच्या दुसऱ्या टोकाला बटण दाबणारा कुणीतरी लागत होता, आणि त्या गल्लीत अंधारात दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. तिने सगळीकडून हिशेब मांडून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. उरत होते तिचे ओठ. रविवारी ते हलले तर बाबा त्यांच्या घरी राहणार होते, दाराशी, खुर्च्या विणत. आणि मग एखाद्या संध्याकाळी वीज जाणार होती.

रविवारी थोरला उन्हं कलताना आला. वहिनीने दिलेला फराळाचा डबा त्याने ओट्यावर ठेवला, बाबांच्या पाया पडल्यासारखं केलं, रेडिओ हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, एवढासा? मोजपट्टे, दुकानात मोठे संपले होते का? त्याने काही दुष्टपणा केला नाही. उलट जिना चढून आलेल्या बाबांच्या मित्राला जसं बसवावं तसं त्यांना खुर्चीत बसवलं, उशी दिली. मग खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि मेन स्विच खाली केला. पंखा फिरत फिरत थांबला. फ्रिज हुंदका देऊन गप्प झाला. त्याने मेणबत्ती लावून टेबलाच्या मध्यावर ठेवली आणि स्वतः बाबांच्या बाजूला बसला.

"तू समोर बस," तो धाकटीला म्हणाला. "नाहीतर नंतर म्हणशील, मी नीट पाहिलं नाही."

ती समोर बसली.

बाबांनी रेडिओ चालू केला. आकडा उजळला, आकडा वाचता येत असल्याने स्टेशन लावायला त्यांना काहीच अडचण आली नाही. थोरल्याने कौतुकाने मान हलवली. घरातली सगळी विजेची यंत्रं बंद होती, त्यांची नेहमीची गुणगुण नव्हती, म्हणून तो पत्र्याच्या डब्यातला आवाजही आज कधी नव्हे इतका स्वच्छ आला. निवेदिका होती. जुन्या पुलावरून जड गाड्यांना बंदी, ती सांगत होती. दुरुस्ती होईपर्यंत वाहतूक वरच्या रस्त्याने. धरणाखालच्या शाळांना उद्यापासून नवी वेळ.

धाकटीचे ओठ पहिल्याच शब्दाला सुटायला लागले. तिने खालचा ओठ दातांत धरला. बाबा तिच्याकडे बघत होते. थोरल्याला वाटलं असेल की ते मेणबत्तीकडे टक लावून ऐकताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. मुलीवर विसंबलेल्या माणसाची स्वस्थता होती. निवेदिका पुढच्या बातमीकडे वळली. बाबांनी भुवया किंचित उचलल्या. धाकटीने ओठ आणखी घट्ट धरला, इतका की तिला खारट चव लागली. थोरला रेडिओच्या आकड्याकडे बघत होता. बाबांनी ओठ हलवले, आवाज न काढता.

सांग.

तिने नजर हलवली नाही. तेवढं तरी तिला करायचंच होतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तोंड मिटून बसली. बाबांनी पुन्हा एकदा तो शब्द म्हटला, मग तिचं नाव, लहानपणचं, जे आईखेरीज कुणी घेत नसे. बातम्या संपल्या, गाणं लागलं.

थोरल्याने रेडिओचा आवाज कमी केला आणि चेहरा बाबांकडे वळवला. "काय म्हणाल्या, बाबा?"

"पाऊस येणार म्हणतात," बाबा म्हणाले. "नदीपासून लांब राहा म्हणतात."

थोरला गोंधळला. पावसाचं तर नावही नव्हतं. पण त्याला बाबांना नापास करायची हौस नव्हती, हे धाकटीला त्या मेणबत्तीच्या उजेडातही दिसलं. तो म्हणाला, असू दे, लक्ष नसेल, पुन्हा ऐकू, घाई कुठे आहे? त्याने आवाज वाढवला, अगदी शेवटपर्यंत, गाणं फाटून खोलीभर झालं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"दादा, आवाज वाढवून उपयोग नाही," धाकटी म्हणाली. ती थोरल्याशी बोलत होती, पण तोंड बाबांकडे होतं आणि प्रत्येक शब्द ती पुरता उघडून म्हणत होती, त्यांच्या पाठीमागे काही बोललं जाऊ नये म्हणून. "बाबांना शब्द कळत नाहीत. समोरच्याचं तोंड दिसलं तरच कळतं. पुरात दार वाजलेलं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते झोपले नव्हते."

थोरल्याने रेडिओ बंद केला. मग त्याने धाकटीकडे वळून विचारलं, कधीपासून? आई असतानापासून? आणि मग त्याला बोलण्याचा पूरच आला. मला कुणी सांगितलं नाही, मी कुंभकर्ण कुंभकर्ण म्हणून हसत होतो, आता एक दिवसही इथे ठेवायचं नाही, धाकट्या पोराची खोली रिकामी करू, गॅलरीत खुर्च्या विणायला जागा होईल, इकडच्या घराला कुलूप लावू. सगळं तो तिच्याकडे बघून बोलत होता. बाबांना त्याच्या डोक्याची एकच बाजू दिसत होती. ते एकदा त्याच्या डोक्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत होते.

"दादा," ती म्हणाली, "त्यांच्याकडे बघून बोल." पण तो तोवर डोळे पुसायला लागला होता.

मग तिनेच सांगायचं ठरवलं. ती टेबलाला वळसा घालून बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसली, मेणबत्ती जवळ ओढली, म्हणजे आपला चेहरा त्यांना नीट दिसेल. तिला खूप सांगायचं होतं. पोरांना मी शिकवीन, मान वर करून कसं बोलायचं ते. वहिनीला सांगीन. प्रत्येक सुट्टीत येईन. तुम्ही इथे बुडाला असतात तर मी काय केलं असतं? तिने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तिचा चेहरा एकदा सावकाश, हनुवटीपासून कपाळापर्यंत पाहून घेतला आणि डोळे मिटले.

ती बोलायची थांबली. तिने त्यांचा गुडघा हलक्याने दाबला. त्यांनी तो हात झिडकारला नाही, पण डोळेही उघडले नाहीत. पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

थोरला नाक ओढत उठला. "झोपले का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

तो चाचपडत भिंतीपाशी गेला आणि त्याने मेन स्विच वर केला. खोलीत उजेड झाला, पंखा फिरू लागला, मेणबत्तीची ज्योत वाऱ्याने आडवी झाली आणि विझली. बाबांच्या पापण्यांवर उजेड पडला तशा त्या जराशा थरथरल्या, आणि त्यांनी त्या आणखी घट्ट मिटून घेतल्या.